अमेरिकी अध्यक्षपदाची निवडणूक: मतदानाचा टक्का उमेदवारामुळे वाढतो का?

प्रश्न असा आहे: अमेरिकेत ओबामांसारखा किंवा ट्रम्पसारखा उमेदवार उभा राहिला की मतदान वाढतं आणि निरस उमेदवार असला की लोक घरी बसतात, हे खरं आहे का? आणि एरवीही तिथले एक तृतीयांश लोक मतदानाला का जात नाहीत?

मी पेनसिल्व्हेनिया राज्यात, फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते. आधी बरीच वर्षं प्रचाराच्या बाजूने दारोदार फिरले, आता निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्रावर काम करते. दोन्हीकडून पाहून माझं मत असं झालं आहे की उमेदवारामुळे मतदानाला कोण येतं ते बऱ्यापैकी बदलतं, पण किती येतात ते फारसं बदलत नाही. किती येतात हे मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतं: राज्याचे नियम, त्या राज्यात चुरस आहे की नाही, आणि तुमच्या दारात येऊन कुणी विचारलं की नाही.

आकड्यांकडे जाण्याआधी टक्का कशाचा ते पाहू, कारण इथेच बहुतेक चर्चा घसरतात. भारतात २०२४च्या लोकसभेला ६५.७९ टक्के मतदान झालं. हा टक्का मतदार यादीत नाव असलेल्यांचा. अमेरिकेत जो आकडा साधारणपणे दिला जातो तो मतदानास पात्र असलेल्या सगळ्या नागरिकांचा, मग त्यांनी नाव नोंदवलेलं असो वा नसो. म्हणजे ज्याने कधी नोंदणीच केली नाही तोही छेदात असतो. नोंदणी झालेल्यांचाच हिशेब धरला तर अमेरिकेचा टक्का बराच वर जातो. जुन्या लेखांत तर अठरा वर्षांवरची सगळी लोकसंख्या छेदात धरलेली दिसते. त्यात एच-वन व्हिसावर आलेले, ग्रीन कार्डवाले आणि अनेक राज्यांत मताधिकार काढून घेतलेले कैदीही येतात. स्थलांतरितांची संख्या वाढत गेली तसा तो टक्का आपोआप खाली येत गेला आणि अमेरिकन माणसाने मतदान सोडलं अशी समजूत पसरली. फ्लोरिडा विद्यापीठातले प्रा. मायकेल मॅकडोनाल्ड यांनी पात्र मतदारांचा हिशेब नीट मांडून दाखवल्यावर ती बरीचशी गळून पडली. खाली दिलेले टक्के पात्र मतदारांचेच आहेत.

२००० साली बुश विरुद्ध गोर लढतीत सुमारे ५४ टक्के मतदान झालं. २००४ साली बुश विरुद्ध केरी, ६० टक्के. २००८ साली ओबामा विरुद्ध मॅकेन, ६२च्या किंचित आत. २०१२ साली ५९च्या आसपास, २०१६ला पुन्हा ६०. २०२० साली जवळपास ६६ ते ६७, म्हणजे १९०० नंतरचं सर्वाधिक. २०२४ला सुमारे ६४.

यातली मोठी उडी २००८ची नाही, २००४ची आहे. जॉन केरी यांच्या सभेला लोक रडत होते, त्यांची पोस्टरं मुलांनी खोलीत लावली, असं कुणी म्हणणार नाही. तरीही टक्का सहाने वाढला. आणि ओबामांसारखा माणूस उभा राहिला, ज्याच्या सभांना लाखालाखाची गर्दी होत होती, तेव्हा त्यात भर पडली ती दोन टक्क्यांहूनही कमी. उमेदवाराचं आकर्षण हेच मुख्य कारण असतं तर हे आकडे उलटे दिसले असते.

२००४ला काय झालं? तर त्याआधी २०००चं फ्लोरिडा झालं होतं. जवळजवळ ६० लाख मतांच्या राज्यात ५३७ मतांच्या फरकावर देशाचा अध्यक्ष ठरला. "माझ्या एका मताने काय होतं" या वाक्याची धार त्या महिन्यात गेली. त्यात इराकचं युद्ध चालू होतं आणि दोन्ही पक्षांनी जाहिरातींच्या जोडीने घरोघरी माणसं पाठवण्यावर पहिल्यांदाच एवढा जोर दिला होता. ओहायोसारख्या राज्यात त्या शरद ऋतूत एकाच दारावर दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते येऊन जात.

२००८चं महत्त्व मी कमी करत नाही. एकूण टक्का थोडाच हलला, पण आतली माणसं बदलली. कृष्णवर्णीय मतदार आणि तरुण मोठ्या संख्येने बाहेर पडले, तर दुसऱ्या बाजूचे काही लोक घरी राहिले. रिपब्लिकन पक्षाच्या बुश यांना २००४ साली ६.२ कोटी मतं होती, त्याच पक्षाच्या मॅकेन यांना चार वर्षांनी ६ कोटींच्या किंचित आत. एका बाजूला भर, दुसऱ्या बाजूला गळती, म्हणून बेरीज जवळजवळ तेवढीच. २०१२ साली जनगणना खात्याच्या पाहणीत कृष्णवर्णीयांच्या मतदानाचा टक्का प्रथमच गोऱ्यांपेक्षा जास्त निघाला. २०१६ला ओबामा मतपत्रिकेवर नव्हते, तेव्हा तोच टक्का सुमारे सातने घसरून ६०च्या खाली आला. डेट्रॉइट, मिलवॉकी, फिलाडेल्फिया या शहरांत ती घसरण कुणालाही दिसावी एवढी होती, आणि मिशिगन, विस्कॉन्सिन, पेनसिल्व्हेनिया मिळून ट्रम्प यांची आघाडी होती जेमतेम ७८ हजारांची. उमेदवाराचा परिणाम शोधायचा तर तो असा शोधावा लागतो, ठरावीक समूहांत आणि ठरावीक शहरांत. देशाच्या एका आकड्यात तो बुडून जातो.

त्याच २०१६ची आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मिशिगनमध्ये सुमारे ७५ हजार मतदार केंद्रापर्यंत आले, मतपत्रिका घेतली, खालच्या पदांसाठी मतं दिली आणि अध्यक्षपदाचा रकाना रिकामा सोडून किंवा मत बाद करून गेले. तिथला फरक होता १०,७०४ मतांचा. इथली मतपत्रिका लांबलचक असते: अध्यक्ष, संसदेची सिनेट आणि प्रतिनिधिगृह ही दोन सभागृहं, राज्याचं विधिमंडळ, न्यायाधीश, काउंटीचे (साधारण आपल्याकडच्या जिल्ह्याचे) अधिकारी, कुठे शाळा मंडळ, कुठे सार्वमताचे प्रश्न. त्यामुळे वरचे दोन्ही उमेदवार नकोसे असलेला माणूसही येतो. मतदानाचा टक्का मोजताना तो आलेला असतो, अध्यक्षपदाच्या निकालात मात्र नसतो.

उमेदवारामुळे एकूण टक्काच वर गेल्याचं एक उदाहरण मी मान्य करते, ते १९९२चं. रॉस पेरो हे टेक्सासचे अब्जाधीश अपक्ष उभे राहिले, टीव्हीवर अर्ध्या-अर्ध्या तासाचा वेळ विकत घेऊन तक्ते दाखवत तुटीवर बोलले आणि जवळपास १९ टक्के मतं घेऊन गेले. १९८८ला ५३च्या आसपास असलेलं मतदान ५८वर पोचलं आणि १९९६ला क्लिंटन विरुद्ध डोल लढतीत, पेरोंची हवा गेल्यावर, पुन्हा ५२पर्यंत खाली आलं. तिसरा पर्याय खरा वाटला की वर्षानुवर्षं न येणारी माणसं येतात, एवढं त्यातून दिसतं. पण तसे उमेदवार पन्नास वर्षांत एखाद-दुसरे.

आता ट्रम्प. माझ्या पाहण्यात एवढी माणसं मतदान केंद्रावर आणणारा दुसरा राजकारणी नाही, आणि तो दोन्ही बाजूंची आणतो. पुरावा अध्यक्षीय निवडणुकीतच शोधायला नको. २०१४च्या मध्यावधी, म्हणजे अध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मध्यावर ठरल्या वेळी होणाऱ्या संसदेच्या निवडणुकीत जेमतेम ३७ टक्के मतदान झालं होतं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतरचं सगळ्यात कमी. २०१८च्या मध्यावधीत, ट्रम्प यांचं नाव कुठल्याही मतपत्रिकेवर नसताना, ते ५०च्या घरात गेलं, शंभर वर्षांतलं सर्वाधिक. २०२०ला बायडन यांना ८.१२ कोटींहून अधिक मतं मिळाली, अमेरिकेच्या इतिहासात कुणालाही मिळाली नव्हती एवढी. ती बायडन यांच्या मोहिनीने मिळाली असं त्यांचा कट्टर समर्थकही म्हणत नव्हता. जनमत पाहण्या करणाऱ्या प्यू संस्थेच्या त्या उन्हाळ्यातल्या पाहणीत बायडन समर्थकांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी मुख्य कारण दिलं होतं: ते ट्रम्प नाहीत. आपला उमेदवार आवडतो म्हणून येणारे लोक असतातच, पण दुसरा येऊ नये म्हणून येणारे त्याहून भरवशाचे असतात. पाऊस असो, थंडी असो, ते येतात.

२०२०च्या आकड्याला दुसरीही बाजू होती. महासाथीमुळे बहुतेक राज्यांनी टपालाने मतदान सोपं केलं आणि जनगणना खात्याच्या मते ४३ टक्के मतदारांनी टपालाची मतपत्रिका वापरली. बायडन, ट्रम्प आणि लिफाफा, या तिघांचं योगदान वेगळं काढणं कुणालाच नीट जमलेलं नाही.

मग २०२४ला "गर्दी ओसरली" म्हणून कमला हॅरिस हरल्या, हे अजूनही ऐकू येतं. देशाचा आकडा पाहिला तर तसंच वाटतं: डेमोक्रॅटिक मतं ८.१२ कोटींवरून ७.५ कोटींवर आली. पण राज्यनिहाय उघडून पाहा. कॅलिफोर्नियात २०२० साली पावणेदोन कोटी लोकांनी मत दिलं होतं, २०२४ला १.६ कोटींपेक्षाही कमी लोकांनी. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतही घट. आणि जिथे निकाल ठरणार होता तिथे? जॉर्जियात ५० लाखांवरून साडेबावन्न लाखांवर, विस्कॉन्सिनमध्ये ३३ लाखांवरून ३४ लाखांवर, मिशिगनमध्येही वाढ. जॉर्जिया, विस्कॉन्सिन आणि नॉर्थ कॅरोलिना या तिन्ही राज्यांत हॅरिस यांना बायडनपेक्षा जास्त मतं मिळाली आणि तरी त्या तिन्ही ठिकाणी हरल्या, कारण ट्रम्प यांची मतं त्याहून अधिक वाढली. देशभर उमेदवार तेच, पक्ष तेच, प्रचाराचे मुद्दे तेच. एका राज्यात मतदान वाढलं, दुसऱ्यात घटलं.

याचं कारण इलेक्टोरल कॉलेज. अध्यक्ष ठरतो तो राज्यांना वाटून दिलेल्या ५३८ इलेक्टरांच्या, म्हणजे निर्वाचकांच्या मतांवर; बहुमताला २७०. मेन आणि नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात जो पुढे, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर. त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या डेमोक्रॅटला आणि वायोमिंगमधल्या रिपब्लिकनला निकाल आधीच माहीत असतो, आणि त्यांच्या विरोधकांनाही. माझी मैत्रीण डेलावेअर नदीपलीकडे न्यू जर्सीत राहते. चुरशीच्या पेनसिल्व्हेनियात माझ्या घरी ऑक्टोबरमध्ये रोज टपालपेटी प्रचारपत्रकांनी भरते, शनिवारी दोन-दोनदा दार वाजतं, टीव्हीवर औषधांच्या जाहिरातीसुद्धा मागे पडतात. तिच्या दारात अध्यक्षपदासाठी कुणी येत नाही. मधे फक्त एक पूल आहे.

आता नियमांकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त तळमळ याच भागाची आहे.

भारतात केंद्रस्तरीय अधिकारी यादी घेऊन घरी येतो. मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी कायद्याने मिळते. देशभर एकच निवडणूक आयोग, एकच पद्धत. अमेरिकेत नोंदणी ही तुमची जबाबदारी. घर बदललं, शेजारच्या काउंटीत गेलात, की पत्ता पुन्हा कळवायचा. निवडणुका राज्यं आणि काउंट्या घेतात, त्यामुळे पन्नास राज्यांत पन्नास तऱ्हा. नॉर्थ डकोटात नोंदणीच लागत नाही. मिनेसोटात १९७०च्या दशकापासून मतदानाच्या दिवशी केंद्रावरच नाव नोंदवता येतं. आमच्या पेनसिल्व्हेनियात १५ दिवस आधी मुदत संपते. आणि ती संपते नेमकी तेव्हा, जेव्हा एरवी राजकारणाकडे न बघणाऱ्या माणसाच्या कानावर निवडणूक यायला लागते. मतदान मंगळवारी, नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारनंतरच्या. हा वार १८४५च्या कायद्याने ठरला. रविवारी चर्च, मग घोडागाडीने तालुक्याच्या गावी पोचायला एक दिवस, आणि बुधवारी बाजार, असा तेव्हाच्या शेतकऱ्याचा आठवडा होता. आज तो रुग्णालयात, गोदामात, हॉटेलात पाळीवर जाणाऱ्या माणसाचा कामाचा दिवस आहे. काही राज्यांत सुट्टी मिळते, देशभर नाही.

केंद्रावर हे कसं दिसतं ते सांगते. आमचं केंद्र सकाळी ७ ते रात्री ८. संध्याकाळी सहाच्या सुमाराला कामावरून परतणाऱ्यांची रांग लागते. एक तरुण येतो, नाव सांगतो, मी पोल बुक, म्हणजे केंद्रावरची मतदार यादी, उघडते. त्याच्या नावापुढे खूण असते की याला टपाली मतपत्रिका पाठवली आहे. तो म्हणतो, हो, आली होती, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पडली आहे, म्हटलं प्रत्यक्षच जाऊ. नियम असा की त्याने ती मतपत्रिका आणि तिचा बाहेरचा लिफाफा दोन्ही आणून दिले तर आम्ही ते रद्द करतो, तो एका जाहीरनाम्यावर सही करतो आणि इतरांसारखं मत देतो. नाही आणले तर त्याला प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरती मतपत्रिका. ती आधी एका लिफाफ्यात, मग दुसऱ्या लिफाफ्यात, बाहेर नाव, पत्ता, सह्या. त्याने दुसरीकडे मत दिलं नाही हे काउंटी नंतर तपासते आणि मगच ते मत मोजते. मी हे सगळं शांतपणे समजावते. मागे रांग वाढत असते, त्याच्या हातात मुलाची दप्तरं असतात. काही जण तिथेच फॉर्म भरतात. काही म्हणतात, घरून घेऊन येतो. त्यातले सगळे परत येत नाहीत.

परत न आलेला माणूस उदासीन नव्हता. त्याने अर्ज करून मतपत्रिका मागवली होती, मग प्रत्यक्ष रांगेत उभाही राहिला होता. तरी दुसऱ्या दिवशीच्या चर्चेत त्याचा हिशेब "मतदान न करणारे" यांच्यातच होणार. टपालाने मत दिलं तरी अडचणी आहेतच. पेनसिल्व्हेनियात मतपत्रिका गुप्ततेच्या आतल्या लिफाफ्यात न घालता थेट बाहेरच्या लिफाफ्यात घातली तर ती बाद होते. तिला इथे 'नेकेड बॅलट' म्हणतात. घाईत असलेल्या, चष्मा नसलेल्या, पहिल्यांदाच मत देणाऱ्या माणसांकडून ही चूक होते, आणि ती कोणत्याही पक्षाची माणसं असू शकतात.

नियम सोपे केले की सगळं सुटतं, असंही मात्र नाही. मिनेसोटात २०२०ला जवळपास ८० टक्के मतदान झालं, देशात सर्वाधिक. हवाईत सगळ्यांना घरपोच मतपत्रिका जाते, शेवटच्या दिवशी नोंदणीही करता येते, आणि तरी २०२४ला ते ५०च्या आसपास राहून यादीच्या तळाला होतं. राज्याचा निकाल ठरलेला, प्रचार नाही, आणि हवाईच्या घड्याळात दुपार असतानाच पूर्वेकडचे निकाल यायला लागतात. दार उघडं असणं आवश्यक आहे, पण आत यायला कारणही लागतं.

इतिहास थोडक्यात सांगते, कारण पूर्वी लोक अधिक जागरूक होते, हा युक्तिवाद नेहमी येतो. १८७६ला ८० टक्क्यांहून अधिक मतदान झालं होतं हे खरं. पण ते पात्र पुरुषांचं. मतपत्रिका पक्षच छापून वाटत, त्यामुळे कोण कुणाला मत देतो ते सगळ्यांना दिसे, आणि सरकारी नोकऱ्या पक्षाच्या हातात असत. पुढे गुप्त मतदान आलं, वैयक्तिक नोंदणी आली, त्यातून काही गैरप्रकार थांबले आणि त्याबरोबर गरीब, स्थलांतरित मतदारही गळले. दक्षिणेत तर हे ठरवून केलं गेलं. मिसिसिपीने १८९०च्या राज्यघटनेत मतकर आणि साक्षरता चाचणी आणली आणि बाकी राज्यांनी तोच कित्ता गिरवला. १९२० साली स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला त्या निवडणुकीत मतदान ५० टक्क्यांच्याही खाली होतं. मिसिसिपीत १९६५च्या मतदान हक्क कायद्याआधी पात्र कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के लोकांची नावं यादीत होती. दोन वर्षांत ती ६०च्या जवळ गेली. त्या दोन वर्षांत तिथे कुणी थोर उमेदवार अवतरला नव्हता. संघराज्याचे अधिकारी नोंदणीला बसले, आणि जिवावर उदार होऊन गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यांच्या कामाला कायद्याची साथ मिळाली. मतदानाचा टक्का हा लोकांच्या स्वभावाचा दाखला समजणाऱ्याने हा एक आकडा समोर ठेवावा.

तिसरी गोष्ट, विचारणं. यावर इथे फार चांगले प्रयोग झाले आहेत. येल विद्यापीठातल्या अॅलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ साली न्यू हेवन शहरात मतदारांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडले. कुणाकडे माणूस पाठवला, कुणाला व्यावसायिक कंपनीकडून फोन, कुणाला पत्र. ज्यांच्याशी दारात प्रत्यक्ष बोलणं झालं त्यांचं मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढलं, पत्रांनी अर्धा-एक टक्का, फोनने काहीच नाही. २००६ साली मिशिगनमध्ये त्यांनी क्रिस्टोफर लॅरिमर यांच्यासोबत आणखी एक प्रयोग केला. काही घरांना पत्र गेलं, त्यात त्या घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी मागच्या निवडणुकांत मतदान केलं होतं की नाही ते छापलं होतं, आणि निवडणुकीनंतर पुन्हा कळवू असंही लिहिलं होतं. कुणाला मत दिलं ते गुप्तच असतं, पण दिलं की नाही ही नोंद अमेरिकेत सार्वजनिक असते. पत्र न मिळालेल्यांत २९.७ टक्के मतदान झालं, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८. परिणाम जबरदस्त, पण लोक भयंकर चिडले. मला विचाराल तर शेजाऱ्यासमोर लाज वाटायला लावून काढलेलं मत मला नको.

मी दारात वापरते ती पद्धत वेगळ्या प्रयोगातून आली आहे, आणि तो पेनसिल्व्हेनियातच झाला होता, २००८च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत. डेव्हिड निकरसन आणि टॉड रॉजर्स यांनी काही मतदारांना नुसतं "मतदान करा" असं सांगितलं, आणि काहींना विचारलं: किती वाजता जाल? घरून जाणार की कामावरून? त्याआधी काय करत असाल? ज्यांच्याशी संपर्कच केला नव्हता त्यांच्यापेक्षा दुसऱ्या गटात मतदान चार टक्क्यांनी अधिक झालं. म्हणून मी दारात भाषण करत नाही. "मंगळवारी तुमची पाळी किती वाजता सुटते?" "पाच." "मग मुलाला कोण आणतं?" "मीच." "शाळेतच केंद्र आहे तुमचं, मागच्या दाराने, व्यायामशाळेत." इतकंच. त्या बाईच्या चेहऱ्यावर दिसतं की आता तिला वेळ आणि जागा ठरल्यासारखी वाटते आहे. त्या वेळी मी उमेदवाराचं नावही घेत नाही.

आणि उमेदवाराबद्दल बोलून मत फिरवता येतं का? जोशुआ काला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी ४९ प्रयोग एकत्र तपासून दाखवलं की सार्वत्रिक निवडणुकीत प्रचाराने मतदाराची पसंती बदलण्याचं सरासरी प्रमाण जवळजवळ शून्य आहे. हे वाचून तरुण कार्यकर्ते निराश होतात. मी म्हणते, निराश होऊ नका, वाद घालण्यात जाणारा तुमचा अर्धा वेळ वाचला.

मतदान न करणारे कोण असतात? तरुण, सतत भाड्याचं घर बदलणारे, कमी शिकलेले, कमी कमावणारे. २०२० साली १८ ते २४ वयोगटातल्या ५१ टक्के नागरिकांनी मत दिलं, ६५ ते ७४मधल्या ७६ टक्क्यांनी. हे सगळे आले तर डेमोक्रॅटच जिंकतील, असा हिशेब दोन्ही पक्ष कित्येक दशकं धरून चालले होते. एका पक्षाचे नियम सैल करण्याचे प्रयत्न आणि दुसऱ्याचे आवळण्याचे, दोन्हींमागे तोच हिशेब होता. २०२४ नंतरच्या प्यूच्या पाहणीत मत न दिलेल्यांना विचारलं, दिलं असतं तर कुणाला? ४४ टक्के म्हणाले ट्रम्प, ४० टक्के हॅरिस. हिशेब मोडला आहे. माझ्या मते ही चांगली बातमी आहे, कारण मतदान सोपं करणं हा एका पक्षाचा डाव आहे असं म्हणायला आता आधार उरला नाही.

आपल्या लोकांबद्दल दोन शब्द. आशियाई अमेरिकन मतदारांचा टक्का २०१६ला ४९च्या आसपास होता, २०२०ला तो ६०च्या जवळ गेला, तरी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मतदारांच्या मागेच राहिला. यात मराठी घरंही आली. एक कारण सरळ आहे: ज्यांची मतदानाची जुनी नोंद नाही त्यांची नावं प्रचारवाल्यांच्या यादीत खाली पडतात, म्हणून त्यांच्या दारात कुणी जात नाही, म्हणून ते जात नाहीत. नागरिकत्वाची शपथ पन्नाशीला घेतलेला माणूस यादीसाठी नवखाच असतो. दुसरं कारण नावाचं. नागरिकत्वाच्या कागदावर मधलं नाव वडिलांचं, वाहन परवान्यावर नवऱ्याचं, एकीकडे आडनावाचं स्पेलिंग एका अक्षराने वेगळं. अशी नोंद अडकली की पत्र येतं, ते जाहिरात समजून केराच्या टोपलीत जातं. मंडळाच्या गणपतीत मी नोंदणीचं टेबल लावते तेव्हा अर्धा वेळ यातच जातो, आणि तो सत्कारणी लागतो. मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार २०२३पासून काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकी संसदेत, डेट्रॉइटचे सदस्य आहेत, त्यांचं नाव त्या टेबलावर हमखास निघतं. पण आपल्या माणसाचं कौतुक करणारे काका स्वतः नोंदणीकृत आहेत का हे विचारलं की बरेचदा "बघायला हवं" असं उत्तर येतं.

शेवटी उमेदवाराच्या मूळ मुद्द्याकडे. "दोघेही आवडत नाहीत, म्हणून गेलो नाही" हे मी दारात सर्वाधिक ऐकते, आणि त्यात तथ्य आहे. पण ते दोघे येतात कुठून? प्रायमरीतून. २०१६ साली दोन्ही पक्षांत खुली स्पर्धा होती, जोरदार वाद होते, आणि तरी पात्र मतदारांपैकी सुमारे २८.५ टक्के लोकांनीच प्रायमरीत मत दिलं. ते दोन पक्षांत विभागलेले, पुन्हा अनेक उमेदवारांत विभागलेले. २०२४ला बायडन आणि ट्रम्प दोघांचीही उमेदवारी १२ मार्चलाच पक्की झाली. पेनसिल्व्हेनियाची प्रायमरी होती २३ एप्रिलला. २१ जुलैला बायडन बाजूला झाले आणि हॅरिस यांचं नाव पक्षाच्या प्रतिनिधींनी ठरवलं. त्या वर्षी उमेदवार आमच्यावर लादले गेले असं मतदार म्हणाला तर मी त्याला खोडून काढू शकत नव्हते.

तरी एक गोष्ट हातात असते. आमच्या राज्यात प्रायमरी बंद स्वरूपाची आहे, म्हणजे पक्षाच्या नावाने नोंदणी केलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. नोंदणीच्या फॉर्मवर पक्षाचा एक रकाना असतो. राजकारणात पडायला नको म्हणून आपले बरेच लोक तिथे "कोणताही नाही" वर खूण करतात. तशी खूण केली की वसंतातल्या प्रायमरीत पक्षाच्या उमेदवारांची मतपत्रिका मिळत नाही, फार तर सार्वमताचा प्रश्न किंवा पोटनिवडणूक असली तर तेवढंच मत देता येतं. रकाना नंतर बदलता येतो, घरबसल्या ऑनलाइन, प्रायमरीच्या १५ दिवस आधीपर्यंत. नोव्हेंबरमध्ये कुणाला मत द्यायचं याच्याशी त्या रकान्याचा काहीही संबंध नसतो.